ऑफिसला जायला स्वस्तातली दुसरी गाडी घेतली तर पैसे वाचतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक मोठी गाडी आहे. सुट्टीत कोकणात जायला मस्त, पण रोज ऑफिसला नेली की पेट्रोल पाण्यासारखं पिते. मग कुणीतरी सुचवतं, "अरे, दीड-दोन लाखांत एखादी जुनी अल्टो किंवा वॅगनआर घे, ऑफिसला ती फिरव, दोन वर्षांत पैसे वसूल." मीही हे ऐकलं आणि गाडी घेतली. वारजे ते हिंजवडी फेज तीन असा रोजचा प्रवास, सोबत ग्लोव्हबॉक्समध्ये खर्चाची एक वही. तेव्हापासून मित्र, मेहुणे आणि सोसायटीतली मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आकडे पुण्याचे आणि माझ्या वापराचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

एका वाक्यात सांगा, पैसे वाचतात की नाही?

रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी पेट्रोलची घेणार असाल, तर बहुधा नाही. पेट्रोलच्या बिलात वाचतात, वर्षाच्या हिशेबात वाचत नाहीत. या दोन्हींत गल्लत होते आणि म्हणूनच हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो.

असं कसं? मोठी गाडी १० चं ॲव्हरेज देते, छोटी १६ चं. फरक तर समोर दिसतोय.

दिसतो, आणि खराही आहे. आधी तोच मांडू.

माझं जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतं. सुट्ट्या, आजारपण, सण वगळून वर्षाचे २४० दिवस धरले तर ९,६०० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. मोठी गाडी ऑटोमॅटिक आहे, बायपासच्या गर्दीत १० देते, म्हणजे किलोमीटरला १० रुपये ४० पैसे आणि वर्षाला ९९,८४०. जुनी वॅगनआर त्याच रस्त्यावर १६ देते (कंपनीचा आकडा विसरा, वाकडच्या पुलाखाली तो कुणालाच मिळत नाही). किलोमीटरला साडेसहा रुपये, वर्षाला ६२,४००. फरक ३७,४४० रुपयांचा. महिन्याला तीन हजारांच्या वर. इथपर्यंत हिशेब केला की माणूस खुशीत ओएलएक्स उघडतो.

आता दुसरी बाजू. गाडी घेतली २ लाखांना. ट्रान्सफर, एजंट, नंबर प्लेट धरून ६,०००. पहिल्या तीन महिन्यांत गॅरेजमध्ये १८,०००, त्याची कहाणी पुढे येईल. म्हणजे खिशातून गेले २,२४,०००. चार वर्षांनी विकताना १,१०,००० आले तर मी नशीबवान. म्हणजे घसारा वर्षाला २८,५०० रुपये. तेच सव्वादोन लाख एफडीत ठेवले असते तर वर्षाला १५,००० च्या आसपास व्याज आलं असतं. थर्ड पार्टी विमा २,५००. सर्व्हिसिंग ८,०००. चार टायर चार वर्षं जातील असं धरून वर्षाचे ३,३००, बॅटरीचे १,०००. अधूनमधून निघणारं काम, कधी रेडिएटरचा पाइप, कधी काच खाली करायची मोटर, असं १०,०००. पीयूसीचे २००. सोसायटी दुसऱ्या गाडीला महिना ५०० लावते, त्याचे ६,०००.

बेरीज ७४,५००.

आता मोठ्या गाडीचंही थोडं वाचतं, ते मान्य करायला हवं. ९,६०० किलोमीटर कमी पळाल्यामुळे टायर, ब्रेक पॅड यांचे वर्षाला १०,००० च्या आसपास आणि काटा कमी दिसतो म्हणून विकताना मिळणाऱ्या जास्तीच्या किमतीचे आणखी १०,०००. म्हणजे एकूण फायदा ५७,४४० आणि खर्च ७४,५००. वर्षाला १७,००० रुपये तोटा.

बचत होते ती किलोमीटरमागे. खर्च होतो तो कॅलेंडरमागे. गाडी पार्किंगमध्ये झोपली असली तरी विमा, घसारा, व्याज आणि सोसायटीचे पाचशे जागेच असतात.

माझा मित्र म्हणतो त्याचे वाचतात. तो खोटं बोलतोय का?

नाही. त्याने व्याज धरलेलं नसतं आणि पार्किंग फुकट असतं. माझ्याच हिशेबातून ही दोन कलमं काढली तर तोट्याचा वर्षाला ४,००० रुपये फायदा होतो. त्यात पहिल्या वर्षी गॅरेजला घातलेले पैसे "ते काय, एकदाच केलं" म्हणून सोडून दिले की फायदा आणखी फुगतो. वही ठेवा, एवढंच सांगेन. डोक्यात ठेवलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूचा असतो.

मग नेमका किती प्रवास असला की परवडतं?

वरच्याच आकड्यांनी पेट्रोल गाडीला वर्षाला साधारण साडेबारा हजार किलोमीटर लागतात. म्हणजे २४० दिवस, रोज ५२ किलोमीटर. कोथरूडहून रांजणगावला, हडपसरहून तळेगावला जाणारे यात बसतात. कोथरूडहून बाणेरला जाणारे बसत नाहीत, त्यांनी हा विचार इथेच सोडला तरी चालेल.

आठवड्यातले दोन दिवस घरून काम असेल तर गणित पार कोलमडतं. दिवस १४० वर येतात, खर्च मात्र जवळपास तिथेच राहतो. हल्ली मला विचारणाऱ्यांपैकी अर्धे लोक याच प्रकारातले असतात.

सीएनजी घेतली तर?

तर प्रश्न खरंच बदलतो. सीएनजी किलोला ९२ रुपये आणि ॲव्हरेज २४ धरलं तर किलोमीटरला ३ रुपये ८३ पैसे. माझ्याच ९,६०० किलोमीटरवर इंधनाचे ६३,००० वाचतात. पण कंपनी फिटेड सीएनजी गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा पाऊण लाखाने तरी महाग मिळते, म्हणून वर्षाचा खर्च ८४,५०० च्या घरात जातो. माझ्या अंतरावर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, आणि वर्षाला पावणेदहा हजार किलोमीटरच्या पुढे जे काही पळाल ते वाचतं.

दोन-तीन गोष्टी मात्र घेण्याआधी कुणी सांगत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरच्या पाटीवर असते, डिकी उघडून स्वतः वाचा. बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का ते बघा, नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. आणि पंपावरची रांग. सकाळी साडेसहाला गेलात तर दहा मिनिटं, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेलात तर अर्धा तास सहज, त्यातही प्रेशर कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी हे होणारच. त्या अर्ध्या तासाची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

दोन लाखांत बरी गाडी मिळते का? बघताना काय बघायचं?

मिळते, पण गाडीपेक्षा माणूस बघून. बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावून ठेवलेली दहा वर्षांची गाडी, चकचकीत पॉलिश केलेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. माझी गाडी दुसऱ्या प्रकारातली होती. तिसऱ्या आठवड्यात चांदणी चौकाच्या चढावर क्लच गेला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, मागून बसवाला हॉर्न वाजवतोय, आणि जळक्या क्लचप्लेटचा तो वास. क्लचचे ७,५००, पुढचे लोअर आर्म आणि बुश ५,२००, एसीची गळती आणि गॅस ३,३००, किरकोळ दोन हजार. हेच ते १८,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं, फक्त इथे कोंबडीही दोन लाखांची होती.

तेव्हापासून मी कुणाबरोबर गाडी बघायला गेलो की ठरलेल्या गोष्टी करतो. मालकाला फोनवरच सांगतो, गाडी आधी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करायची आणि मग स्टार्टर मारायचा. गरम इंजिनमध्ये बरेच आवाज लपतात. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, घरघरत चालूच राहिलं तर समजा सात-आठ हजारांचं काम आलं.

मग पुढच्या सीटचा बेल्ट. तो पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. रोजच्या वापरातला बेल्ट दीड हात बाहेर येतो, उरलेला आत गुंडाळलेला असतो. गाडी पुरात बुडालेली असेल तर त्या आतल्या भागावर मातकट रेघ सापडते. सीट कव्हर नवं घालतात, मॅट बदलतात, आत सुगंधी डबी ठेवतात, पण बेल्ट धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली होत्या ते आठवा. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत.

काट्यावर विश्वास ठेवू नका. मीटर मागे घेतलेला असू शकतो. ४०,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि स्टिअरिंग चकाकत असेल, तर ती लाखाच्या वर पळालेली आहे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा सर्व्हिसचा इतिहास सहसा निघतो, मालकाला बरोबर घेऊन जा. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं.

आणि स्वतःचा मेस्त्री न्या. त्याला पाचशे-हजार द्यावे लागतात, पण गाडी ठरवण्यासाठी केलेल्या खर्चात एवढा एकच खर्च मला कधी खटकलेला नाही.

कागदपत्रांचं काय? एजंट म्हणतो, मी सगळं बघतो.

बघू दे, पण टोकन देण्याआधी तुम्ही एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे तिथे कळतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी, उदाहरणार्थ साताऱ्याची एमएच-११, पुण्यात नावावर करायची तर तिथली एनओसी आणावी लागते.

ई-चलान वेगळं तपासा. जुन्या मालकाने सिग्नल तोडलेले पैसे तुमच्या गळ्यात पडतात. माझ्या ओळखीतल्या एकाला लोणावळ्याच्या घाटातले ओव्हरस्पीडिंगचे सात दंड मिळाले, तो स्वतः त्या गाडीतून कधी कात्रजच्या पुढे गेला नव्हता.

गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का ते पाहा. नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. रक्कम फार नाही, पण अपॉइंटमेंटचा एक दिवस जातो.

जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यावा का?

थर्ड पार्टी तर कायद्यानेच हवा. १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये आणि त्यावर जीएसटी, हा दर जून २०२२ पासूनचा आहे. १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६. म्हणून याच कामासाठी १,२०० सीसीची गाडी घेतली तर इथेही दीडपट पडतं.

फुल घ्यायचा की नाही हे तुम्ही गाडी कुठे लावता त्यावर ठरवा. रस्त्यावर, ओढ्याकाठी, जुन्या गुलमोहराखाली लावत असाल तर घ्या. बेसमेंटमध्ये असेल तर मी घेत नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो. तुमच्या मोठ्या गाडीचा बोनसही हिला लागत नाही. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा अवस्थेत धडक बसली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा लटकतो. मालक-चालकाचा अपघात विमा मोठ्या गाडीबरोबर घेतलेला असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, एजंट मात्र तो हमखास जोडून देतो.

२०११-१२ ची गाडी लाखाच्या आतच मिळतेय. तीच का घेऊ नये?

तिची पंधरा वर्षं भरत आली आहेत म्हणून ती लाखाच्या आत मिळतेय. पंधरा वर्षांनी रीपासिंग, म्हणजे आरटीओत गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागतं. नूतनीकरणाची फीच एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आधी ती ६०० होती. वर पर्यावरण कर, आणि गाडी पास होण्यासाठी दिवे, ब्रेक, पत्रा, रंग यांवरचा खर्च. तारीख चुकवली तर दर महिन्याला ५०० दंड. पास झाली की पाच वर्षं मिळतात, त्यामुळे नुकतंच रीपासिंग झालेली गाडी मिळाली तर ती उलट चांगला सौदा ठरू शकते. रीपासिंगला वर्ष उरलेली गाडी घेऊ नका, किंवा वीस हजार पाडून मागा.

इथेच इथेनॉलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं उतरतं, हे सरकारनेही मान्य केलंय. रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. फार घाबरायचं कारण नाही, पण सर्व्हिसिंगला मेस्त्रीला तेवढं बघायला सांगा.

दिल्लीच्या गाड्या इतक्या स्वस्त का असतात?

तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे म्हणून. मुदत संपत आलेली गाडी तिथून एनओसी घेऊन इकडे येते. महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर, आरटीओच्या चकरा. स्वस्ताई तिथेच विरघळते. घेऊ नका.

लोन काढून घेतली तर?

मग पैसे वाचवण्याची भाषा सोडा. जुन्या गाडीच्या लोनचा दर नव्या गाडीपेक्षा चढाच असतो.

माझी मोठी गाडी डिझेल आहे. तिचं ॲव्हरेज बरं आहे, तरी दुसरी घ्यावी का?

इंधनासाठी नाही. पण एक वेगळं कारण असू शकतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. रोज सात-आठ किलोमीटर गर्दीतून रांगत ऑफिस गाठणाऱ्या गाडीत तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपचं बिल पाच आकडी होऊ शकतं. अशा माणसाला छोटी पेट्रोल गाडी मी खुशाल घे म्हणेन. किंवा रविवारी सकाळी डिझेल गाडी खंबाटकी घाटापर्यंत पळवून आणायची, नाश्ताही होतो.

सोसायटी दुसऱ्या गाडीला जागा देईल का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि खरं तर तो पहिला हवा. आमच्याकडे फ्लॅटला एक पार्किंग, दुसऱ्या गाडीला स्टिकर मिळवायला वार्षिक सभेत हात वर करून उभं राहावं लागलं. दिलेली जागा कचऱ्याच्या डब्यांशेजारी, तीही "तात्पुरती". टोकन देण्याआधी सेक्रेटरींशी बोला, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. रस्त्यावर लावायची तयारी असेल तर वरच्या विम्याच्या प्रश्नाकडे परत जा.

दोन्ही गाड्या आलटून पालटून वापरल्या तर मोठी गाडी टिकेल ना?

उभी गाडीही खराब होते. बॅटरी बसते, टायर एका जागी दबतात, आणि आमच्याकडे तर उंदीर आले. पावसाळ्यात तीन आठवडे मोठी गाडी हलली नाही, गणपतीत गावाला जायला चावी फिरवली तर इंजिनचा दिवा. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी नारळाच्या शेंड्या, पोह्याच्या पाकिटाचा तुकडा आणि कुरतडलेल्या चार वायरी. नीट संसार मांडला होता. वायरिंगचे ६,४०० गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी ती गाडी भाजीला नेतो, दहा-बारा किलोमीटर तरी.

आमच्याकडे गाडी एकच आहे, पण आता आम्ही दोघंही नोकरी करतो. मग तर दुसरी लागेलच?

लागेलच असं नाही. आधी रिक्षाचा हिशेब करा, मी गंमत करत नाहीये. पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये हा सप्टेंबर २०२२ पासूनचा दर. ऑफिस आठ किलोमीटरवर असेल तर एका वेळचे १३५ रुपये, वर्षाचे २४० दिवस जाऊन-येऊन ६५,००० च्या आसपास. दुसरी गाडी वर्षाला ७४,५०० खाते. पेट्रोल त्यावर वेगळं. म्हणजे रोज रिक्षात बसून राणीसारखं गेलं तरी स्वस्त पडतं. मीटरने यायला तयार असलेला रिक्षावाला भेटायला हवा, ही अट आहेच.

दोन्ही टोकं मेट्रोच्या जवळ असतील तर बोलायलाच नको. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या मार्गांवर सगळ्यात जास्त तिकीट ३५ रुपये आहे. रोजचे ७० धरले तरी वर्षाला १६,८००. तेवढ्यात छोट्या गाडीचं सर्व्हिसिंग आणि दोन टायर येतात.

दुसऱ्या गाडीऐवजी स्कूटर?

पैशांपुरतं बोलायचं तर स्कूटरपुढे सगळे हरतात. लिटरला ४५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये, आणि बहुतेक घरांत ती आधीच उभी असते, नवा खर्च शून्य. पावसाचे चार महिने मोठी गाडी आणि उरलेले आठ महिने स्कूटर असं केलं तरी माझ्या अंतरावर इंधनाचे ५०,००० हून जास्त वाचतात. पण बायपासवर कंटेनरच्या मधून रोज ४० किलोमीटर स्कूटर चालवायला मी कुणाला सांगणार नाही. पंचविशीत चालवली, आता पाठ नाही म्हणते. शहराच्या आतल्या आत जायचं असेल तर मात्र जरूर.

जुनी इलेक्ट्रिक गाडी?

चालवायला सगळ्यात स्वस्त. युनिटला आठ किलोमीटर धरले तर माझ्या वापराला महिन्याला शंभर युनिट लागतील. पण घरच्याच मीटरवर लावलीत तर बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, हे लक्षात ठेवा. बॅटरीची वॉरंटी सहसा ८ वर्षं असते, ती दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते ते कंपनीकडून लेखी विचारून घ्या. शिवाय दोन लाखांच्या बजेटमध्ये ती बसत नाही, म्हणून "स्वस्तातली" या शब्दाशी तिचं अजून जमलेलं नाही.

मग नवीनच छोटी गाडी का घेऊ नये? जीएसटी कमी झालाय ना?

हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. एस-प्रेसो एक्स-शोरूम साडेतीन लाखांपासून आणि अल्टो के१० पावणेचार लाखांच्या आतून सुरू झाली. याचा तुम्हाला फायदा दुसरीकडे होतो. जुनी गाडी विकणारा अजून आधीच्याच भावाच्या स्वप्नात असतो. पाच वर्षांच्या अल्टोला कुणी तीन-सव्वातीन लाख म्हणत असेल तर नव्या गाडीचं कोटेशन काढून त्याच्यासमोर ठेवा. फार बोलावं लागत नाही.

रोज ७०-८० किलोमीटर असेल आणि पुढची दहा वर्षं तीच गाडी ठेवणार असाल तर नवी सीएनजी घ्या. त्याहून कमी असेल तर साडेतीन लाख अडकवण्यात अर्थ नाही.

खरंच पैसे वाचवायचे असतील तर तुम्ही काय कराल?

मोठी विकेन. नऊ-दहा लाखांची गाडी वर्षाला लाखाच्या आसपास किंमत गमावते, फिरली तरी आणि उभी राहिली तरी. एकच मधली सीएनजी गाडी ठेवायची आणि वर्षातून तीनदा कोकणात जाताना मोठी गाडी भाड्याने घ्यायची. कागदावर याला तोड नाही. मी हे घरी एकदाच बोलून पाहिलं. चहाचा कप जरा जोरात टेबलावर ठेवला गेला आणि विषय संपला.

वर्षाला १७,००० तोटा होत असताना तुम्ही वॅगनआर अजून का ठेवली आहे?

कारण मी वाचवायला घेतली आणि वापरता वापरता भलत्याच गोष्टींसाठी ठेवली. हिंजवडीच्या चौकात कुणी आरसा घासून गेला की मी मान वळवूनही बघत नाही. मागच्या बंपरवर तीन जणांच्या सह्या आहेत. मुलगी याच गाडीवर शिकली, पहिल्याच दिवशी तिने पार्किंगच्या खांबाला डावा दरवाजा लावला आणि मेस्त्रीने आतून हातोडीचे चार ठोके मारून ६०० रुपयांत तो बाहेर काढला. मोठ्या गाडीचा तोच दरवाजा किती हजारांना पडला असता ते मी विचारलं नाही. वहीत ते सहाशे "डेंटिंग" म्हणून लिहिलेत, आणि त्यापुढे तिच्या अक्षरात कंसात "सॉरी बाबा".